साडेआठचा फोन

नाशिक, १० ऑक्टोबर

आज जागतिक मानसिक आरोग्य दिन. सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर उगवत्या सूर्याखाली ‘मन मोकळं करा’ फिरतंय. कुणाजवळ आणि किती वाजता, ते मात्र कुठल्याच चित्रावर नाही. २०२० च्या मार्चात दारं बंद झाली तेव्हा अडलं होतं ते नेमकं इथेच. पुन्हा कधी तशी वेळ आली तर हाताशी असावं म्हणून इथे उतरवून ठेवतोय.

आधी वेळ. ‘दिवसातून कधीतरी करतो फोन’ असं मुलानं सांगितलं, की गंगापूर रोडच्या फ्लॅटमधली एकटी आई दिवसभर मोबाइल उशाशी घेऊन बसते. आंघोळीला जातानाही दार किलकिलं. रात्री साडेआठ ठरलं, तर साडेआठपर्यंतचा दिवस तिचा तिला मिळतो. दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली. तासभर बोलून पुढे चार दिवस गायब होण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं बरी. आणि एखाद्या दिवशी जमणार नसेल तर ते आदल्या दिवशीच सांगावं. न आलेला फोन साथीच्या दिवसांत नुसता न आलेला फोन राहत नाही, त्यात दवाखाना दिसायला लागतो.

मग प्रश्न. ‘बरी आहेस ना?’ याला ‘बरी आहे’ हेच उत्तर येतं. ‘जेवलीस का?’ याला ‘हो’. ‘आज काय केलं होतंस?’ असं विचारलं की खरं काय ते कळतं. तीन दिवस लागोपाठ खिचडी, किंवा ‘सकाळचंच होतं थोडं’, म्हणजे स्वयंपाकाचा कंटाळा बळावतोय. झोप कितीला मोडते, पेपर वाचला का, केस कधी धुतले, हे गप्पांच्या ओघात विचारता येतं. तपासणीसारखं एकामागून एक विचारलं तर माणूस मिटतो.

याहून उपयोगी म्हणजे काहीतरी मागणं. ‘आई, कुरडईला गहू किती दिवस भिजवायचे गं?’ तीन दिवस, रोज पाणी बदलून, चीक कसा काढायचा, कसा घोटायचा... आवाज चढत जातो. सतत ‘काळजी घे’ ऐकणाऱ्याला आपण आता ओझं झालो असं वाटू लागतं. कुणाला आपलं काही लागतंय, हे कळणं वेगळंच.

सोळा चौकटींच्या कौटुंबिक व्हिडिओ कॉलवर माझा फारसा विश्वास नाही. सगळे एकदम बोलतात, आणि कमी ऐकू येणारे काका नुसते हसत बसतात. अशांशी एकट्यानं बोलावं. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असं बसावं. खिडकी पाठीशी असली की चेहरा काळा पडतो, ओठ दिसत नाहीत. ओरडू नये, सावकाश बोलावं.

धडधड वाढली तर श्वासाचा उपाय आहे, पण लोक तो चुकीचा करतात. ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हटलं की छाती भरभरून, भराभर घेतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती दुप्पट होते. नाकानं चार अंक मोजत साधाच श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. पाच मिनिटं. लक्ष सोडण्याकडे.

उदासी किंवा कशातच रस नसणं दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर गाठावा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. म्हणून पट्टीत सात दिवसांच्या उरल्या की नवीन आणायची.

जगणं नकोसं झाल्यासारखं कुणी बोललं तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नये. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या फवारणीची औषधं घरातच असतात, ती त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुलपात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. ही सेवा २०२२ साली आजच्याच तारखेला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही.

दुःखाचं वेगळं लिहायला हवं. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, तेव्हा रामकुंडावर दहाव्याला जमायचं, घरी भेटायला जायचं, हे सगळं तुटलं. फोन आले ते पहिल्या दोन दिवसांत, एकावर एक. नंतर घर शांत. म्हणून दहावा, तेरावा, महिना आणि वर्षश्राद्ध अशा चार तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात आणि त्या दिवशी फोन करावा. ‘धीर धरा’ नको. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलावं. बहुतेक जण नेमकं तेच टाळतात.

एक राहिलंच. मुलगा न्यू जर्सीला असेल तर आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे सध्या त्याचे सकाळचे अकरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. त्यानं अकराचीच सवय ठेवली तर इथे फोन साडेनऊला वाजेल, आणि आई तो एक तास गॅलरीत उभी राहून काढेल. त्याला हे आजच कळवायचं.