लोगो सुटला, कार्ड अडलं

आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे चिडचिडीत राहून जाईल. छापखान्यात द्यायची फाईल घेताना डिझायनरकडून अक्षरं ‘कर्व्ह’ केलेली पीडीएफ मागून घ्या. डिझाईनच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये ते कंट्रोल-क्यूनं होतं, इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’नं. तसं केलं की अक्षराचं चित्र होतं आणि चित्राला कोणी दुसरा फाँट लावू शकत नाही.

मी गोव्यात, फोंड्याजवळ कवळ्याला राहते. इंग्रजी-मराठी भाषांतरं करते आणि कार्यक्रमांचं निवेदन करते. संस्थांच्या खजिनदारांना बिल लेटरहेडवरच हवं असतं आणि निवेदन संपलं की चार माणसं कार्ड मागायला येतात. निमंत्रणपत्रिकेच्या मागे नंबर लिहून द्यायचा कंटाळा आला, तेव्हा लोगो, कार्ड, लेटरहेड सगळं एकदाच करून घ्यायचं ठरवलं.

डिझाईनचा भाग मजेत झाला. पणजीच्या गोवा कला महाविद्यालयात शिकलेल्या एका मुलीनं काम घेतलं. पहिल्या खेपेला तिनं माड, लाट, अर्धा सूर्य आणि निळ्या पोर्तुगीज टाइल्सची नक्षी दाखवली. होतं सुबक, पण ते घेतलं असतं तर मला होमस्टेच काढावा लागला असता. मग तिला माझ्या माहेरच्या, पेडण्याकडच्या गोष्टी सांगितल्या आणि मोरजीच्या मोरजाईच्या देवळातलं कावीचं काम बघून यायला सांगितलं. कावी म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार सळईनं खरवडायचा. खालचा पांढरा चुना उघडा पडतो आणि चित्र दिसतं. गोल नक्षी कंपासनं आखलेली असते. दक्षिण कोकणापासून कारवारच्या पुढेपर्यंत किनाऱ्याला हे काम होतं. जीर्णोद्धारात सिमेंट आणि ऑइलपेंट आला आणि त्यातलं पुष्कळ गेलं.

मुलगी हुशार. माझ्या नावातलं पहिलं अक्षर ‘ल’. तिनं ते नुसत्या कंपासच्या कमानींनी बांधलं: तांबड्या चौकोनात पांढरं अक्षर, मध्ये आखूड देठ, दोन्ही बाजूंना एकेक पाकळी. कावीसारखाच एकच रंग. एकरंगी लोगोचा फायदा मला नंतर कळला: तो झेरॉक्समध्ये मरत नाही आणि त्याचा रबरी शिक्काही होतो. तुम्हीही आधी नुसता काळा लोगो बघायला मागा, आणि तो ८ मिलिमीटर एवढा बारीक छापून बघा. नक्षी बुजली तर रेघा कमी करा.

इथवर सगळं झरझर झालं. मग मी पणजीतल्या एका प्रेसमध्ये गेले.

काउंटरवरच्या मुलानं पीडीएफकडे बघितलंसुद्धा नाही. “पीडीएफ आमी घेनात, ओपन फाईल जाय.” म्हणजे अक्षरं बदलता येतील अशी मूळ फाईल हवी. का, तर कार्डं तिथं छापतच नाहीत. ती गोव्याबाहेर जातात, आठ-दहा गिऱ्हाइकांची कार्डं एका मोठ्या कागदावर जुळवून छापली जातात, आणि मजकूर इथला ऑपरेटर आपल्या पद्धतीनं बसवून देतो. दिली ओपन फाईल. दिवस लग्नसराईचे, टेबलावर पत्रिकांचे ढीग, त्यामुळे प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, कधी येईल हे विचारायची सोय नाही.

पहिलं प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं. लोगो जागेवर होता, पण खालचं नाव ऑपरेटरनं विंडोजमधल्या मंगल फाँटमध्ये टाईप केलेलं. म्हणजे वर पाकळ्यांचा मराठी ल आणि त्याच्या बरोबर खाली दांडीचा हिंदी ल. मी फोन केला. “ल म्हळ्यार लच न्हय, बाय?” मी म्हटलं, हे हिंदीचं वळण आहे, मराठीत पाकळीचाच ल लिहितात, महाराष्ट्र सरकारनं २००९ मध्ये वर्णमालेचा शासन निर्णय काढून तसं ठरवूनसुद्धा दिलंय. तिकडून शांतपणे उत्तर आलं, “तें म्हाराष्ट्राचें. हांगा गोंय.” यावर काय बोलणार? मराठी वळणाचे फाँट फुकट मिळतात, ‘तिरो देवनागरी मराठी’ गूगलवरून उतरवून घ्या, असंही सांगितलं. नवा फाँट टाकला की कॉम्प्युटर स्लो होतो म्हणे.

मग त्यानं आपल्याकडचा जुना, युनिकोडच्या (म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीचा फाँट लावला. त्यात ल बरोबर आला. पण या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली असतात आणि युनिकोडचा मजकूर तिकडे न्यायला कन्व्हर्टर लागतो. कन्व्हर्टरनं ‘शांतादुर्गा देवळाजवळ’चं ‘शांतादुगार् देवळाजवळ’ केलं. ‘निवेदन’ची पहिली वेलांटी नवरून उडून ववर जाऊन बसली. निवेदनाचं काम करणाऱ्या बाईच्या कार्डावर! ते दाखवल्यावर त्यानं पत्ता हातानं टाईप करायला घेतला, तोही कार्डाच्या इंग्रजी बाजूवरून बघून. आमच्या कवळ्याचं सरकारी स्पेलिंग पोर्तुगीज काळातलं आहे, क्यू-यू-ई-यू-एल-ए. तर पुढच्या प्रूफात माझं गाव ‘क्वेउला’ झालं होतं.

एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडायचं. प्रत्येक प्रूफाखाली एकच ओळ: ‘चेक अँड ओके’. हा ओके जपून द्या. तो गेला की पुढची चूक तुमची. फोनवर मोठं करून बघितलं तरी डोळा सवयीनं बरोबरच वाचतो, म्हणून मी प्रूफ घरच्या प्रिंटरवर काढून अक्षर-अक्षर मोठ्यानं वाचायची. माझा मुलगा हसायचा. शेवटी मी कर्व्ह केलेली फाईल पुन्हा पाठवली आणि सांगितलं की यातला एक ठिपकाही हलला तर माल घेणार नाही. तेव्हा कुठं ती चालली. पहिल्या दिवशी का चालली नाही, ते मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

कार्डं आली. अक्षरं शुद्ध. रंग मात्र चॉकलेटी.

एका कागदावर अनेकांची कार्डं असली की मशीनवाला शाई सगळ्यांच्या सरासरीनं सोडतो, एकट्यासाठी तांबडा वाढवत नाही. आपला तांबडा चार शायांच्या ठिपक्यांतून बनलेला, त्यावर मॅट लॅमिनेशन, त्यामुळे तो आणखी मंद होतो. लेटरहेडच्या बाँड कागदात शाई मुरते, तिथं तोच रंग तिसराच दिसतो. म्हणजे कार्ड आणि लेटरहेड एका रंगाचं हवं असेल तर स्क्रीनवरचा रंगाचा आकडा सारखा ठेवून भागत नाही. काउंटरवर उत्तर तयार होतं: “स्क्रीनार दिसता तशें येना, बाय.” हे आधी सांगितलं असतं तर? उरलेले पैसे टेबलावर ठेवले आणि एक शब्द न बोलता बाहेर पडले. बोलले असते तर निवेदनाची भाषा राहिली नसती.

लेटरहेड फोंडा बाजारातल्या एका लहान प्रेसमध्ये केलं. एकरंगी ऑफसेटचं मशीन, पावतीबुकं आणि जत्रेची हँडबिलं छापणारं. म्हाताऱ्या मालकांनी पीडीएफ घेतली, लोगो बघितला आणि विचारलं, “कावीचो?” एवढ्यावर मी अर्धी विरघळले. त्यांनी काचेवर तांबडी शाई काढली, तिच्यात टोकभर काळी आणि थोडी पिवळी घालून सुरीनं घोटली, बोटाला लावून माझ्याच १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाच्या) कागदावर दाबली आणि कागद दारात उजेडाला नेला. नको. आणखी पिवळी. पुन्हा दारात. भिंतीवरची ती तांबडी उतरली तेव्हाच मशीनला हात लावला. कार्डंही मग तिथंच, ३०० जीएसएमच्या कागदावर, लॅमिनेशनशिवाय पुन्हा करून घेतली. जरा लवकर मळतात. मळू देत.

हो, एक राहिलं. डिझायनरला पैसे दिले म्हणजे लोगोचा कॉपीराइट आपोआप आपला होतो असं धरून चालू नका. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क लेखी लिहून घ्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांपुरतेच धरतात. मी साध्या कागदावर ‘कायमचे’ असं लिहून घेतलं, तिनंही हसत सही केली. ट्रेडमार्कच्या भानगडीत मी पडले नाही. धंदा मोठा असेल त्यानं करावा. गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, ऑनलाइन भरला तर व्यक्तीला वस्तू-सेवांच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडतात.

लिफाफे छापायचं सोडून दिलं. ए-फोरच्या कागदाला दोन घड्या घातल्या की तो ११० बाय २२० मिलिमीटरच्या लिफाफ्यात नीट बसतो. ते कोरे आणते आणि कोपऱ्यात लोगोचा शिक्का मारते. शिक्क्याची तांबडी शाई कावीपेक्षा जराशी गुलाबी पडते, पण तेवढं मी चालवून घेतलंय.