मेंढा-लेखा : घोषणेमागची कार्यपद्धती

पर्यावरणावरच्या परिसंवादात गडचिरोलीचा विषय निघाला की ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढा-लेखा या गावाची घोषणा हमखास ऐकवली जाते, टाळ्या पडतात आणि चर्चा पुढे सरकते. या टाळ्यांचा मला अलीकडे कंटाळा येऊ लागला आहे. घोषणा गाजली, पण तिच्यामागची कार्यपद्धती समजून घेण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. आणि मेंढ्याचे जंगल टिकले ते प्रामुख्याने त्या कार्यपद्धतीमुळे, असे माझे मत आहे.

मेंढा हे धानोरा तालुक्यातले, गडचिरोलीपासून सुमारे ३० किलोमीटरवरचे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध जे ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, त्यात या भागातली गावे उतरली. धरणे बाजूला पडली, परंतु जंगल आपले असेल तर त्याचा कारभार कोण पाहणार, हा प्रश्न मागे उरला. त्याचे पहिले उत्तर घोटुलाच्या रूपाने आले. तरुण मुलामुलींनी एकत्र जमण्याची, गाण्या-नाचण्याची आणि समाजाच्या रीती शिकण्याची ही जागा गावातून जवळजवळ नाहीशी झाली होती. ती पुन्हा उभारताना गावाने लाकूड आपल्याच जंगलातून आणले. वनखात्याने ते बेकायदा ठरवून घोटुल पाडले आणि गावाने ते पुन्हा बांधले. संस्कृती जपणे आणि हक्क मागणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे आपण शहरात बसून मानतो. तिथे लाकडाच्या खांबांवरून दोन्ही एकदमच ऐरणीवर आली.

आता कार्यपद्धतीकडे येतो. मेंढ्याच्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाहीत, ते सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो, पुन्हा बोलणे होते आणि सर्वांचे समाधान होईपर्यंत ठराव होत नाही. हे अतिशय वेळखाऊ आहे आणि कोणत्याही अधिकाऱ्याची सहनशक्ती संपवणारे आहे, यात शंका नाही. परंतु जंगलाचे नियम पाळण्यासाठी पहारेकरी पुरत नाहीत; ज्याने नियमाला मनापासून होकार दिलेला नाही, तो रात्री कुऱ्हाड घेऊन निघतोच. गावातल्या दारूबंदीचा निर्णयसुद्धा याच वाटेने झाला, आणि त्यासाठी स्त्रियांनी धरलेला आग्रह निर्णायक ठरला. ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट आहे. तिथे बाहेरची जाणकार मंडळी येतात, कायदे वाचले जातात, शंका विचारल्या जातात. निर्णय मात्र तिथे होत नाही, तो ग्रामसभेतच होतो. गावातले नेते देवाजी तोफा आणि गावासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल या दोघांची नावे मेंढ्याशी कायमची जोडली गेली आहेत. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे माहिती देणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातली ही सीमारेषा.

२००६च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. तरीही बांबू विकता येईना. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीजचे वनउत्पादन मानतो, तर १९२७चा भारतीय वन कायदा २०१७च्या दुरुस्तीपर्यंत त्याची गणना झाडात करत होता. गावाने बांबू तोडला तरी तो रस्त्याने नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात होता, आणि परवान्याशिवाय ट्रकमध्ये चढलेला बांबू हा चोरीचा माल ठरत होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. माल किती, कोणत्या वाहनातून, कुठे चालला, हे लिहून खाली सही करायची, एवढेच त्या पुस्तकाचे काम. पण ती सही कोणाची, यावर सगळा व्यवहार अडून बसला होता. त्यानंतर बांबूच्या बेटातले कोवळे कोंब, म्हणजे तिकडचे वास्ते, किती खायचे, कोणते बांबू राखायचे आणि कोणते विकायचे, हे ठरवण्याची जबाबदारीही गावावर आली. अधिकार आल्यावर गाव जंगल विकून खाईल, ही भीती त्या वेळी अनेकांनी बोलून दाखवली होती. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे उदाहरण त्यांनी पाहावे: सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याचे रोख उत्पन्न स्वतःहून सोडले, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, जंगलात आगी लावल्या जातात, आणि पाने तोडली की तेंदूची फळे मिळत नाहीत.

हे सगळे खरे असले, तरी मेंढ्याच्या बळावर संपूर्ण जिल्ह्याचे चित्र रंगवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचे ठाकूरदेव हे दैवत आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, आणि त्याच डोंगरातून लोहखनिज काढले जाते. तिथल्या ग्रामसभांनी खाणीला वर्षानुवर्षे विरोध नोंदवला आहे. वनजमीन खाणीसाठी वळवताना ग्रामसभेची संमती कोणत्या टप्प्यावर तपासायची, याचा क्रम २०२२च्या वन संवर्धन नियमांनी बदलला. आता केंद्राची मंजुरी आधी मिळू शकते आणि वनहक्कांची पूर्तता पाहण्याचे काम त्यानंतर राज्य सरकारकडे येते. मंजुरी हातात आलेल्या प्रकल्पासमोर बसून एखादी ग्रामसभा सर्वसहमती होईपर्यंत चर्चा लांबवू लागली, तर तेवढे थांबण्याची तयारी कोणत्या जिल्हा कचेरीची असेल, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.