कडी न लावलेलं दार

"दार नुसतं लोटून ठेवतो, कडी नाही लावत. सराफ्यातून निवांत या."

इंदूरला राजवाड्याच्या गर्दीत राहायचं नव्हतं, म्हणून लोकमान्य नगरातल्या छोट्या हॉटेलात उतरलोय. तिथले काका काल रात्री म्हणाले.

सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) खाऊन परतायला दीड वाजला. काका दाराशीच खुर्चीत, मफलर गुंडाळून. शेजारी स्टुलावर आमच्यासाठी पाण्याचा तांब्या, त्यावर पालथा पेला.

"काका, झोपला नाहीत?"

"घरचं माणूस बाहेर असलं की झोप लागते का?"

त्यांचे आजोबा होळकरांच्या चाकरीत होते. संस्थान १९४८ साली विलीन झालं, घरातली मराठी राहिली.

पुण्यात माझ्या मजल्यावरचं कोण कधी परततं, मला पत्ताही नसतो. तो पालथा पेला डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

तुमच्यासाठी असं शेवटचं कोण जागलं होतं?