डाय बदलताना वेळ कुठे जातो?

भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशीनवर पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या कारखान्यांत, सुधारणा म्हटली की आधी नवं मशीन आठवतं. त्याआधी एक डाय चेंज (प्रेसमधला एका पार्टचा साचा काढून दुसऱ्याचा बसवणं) मोबाइलवर शूट करा: शेवटच्या चांगल्या पार्टपासून पुढच्या पहिल्या चांगल्या पार्टपर्यंत. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांच्या झटपट डाय बदलण्याच्या पद्धतीचं लक्ष्य १० मिनिटांच्या आत. बोल्ट आवळण्यापेक्षा पाना शोधण्यात आणि क्रेनची वाट बघण्यातच वेळ जातो. ती कामं प्रेस चालू असतानाच उरकायची: पुढची डाय ट्रॉलीवर, क्लॅम्प-बोल्ट तिच्यासोबत. सगळ्या डायची उंची एकसारखी केली की शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची, दरवेळी जुळवायची खटपट वाचते. उंची भरून काढायला लावलेल्या पट्ट्या मात्र डायलाच बोल्टने पक्क्या करा, नाहीतर त्याही हरवतात. चेकलिस्ट ऑपरेटरकडूनच लिहून घ्या. ऑफिसात बसून छापलेली लॅमिनेट होऊन भिंतीवर छान दिसते, एवढंच.