कोरियनसाठी यंदा मी काय ठरवलंय

टोपिकची, म्हणजे कोरियन भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची, चौथी लेव्हल मिळाली तेव्हा मी खूप आनंदात होते. 300 पैकी निदान 150 गुण लागतात, आणि शेवटचा निबंध 600 ते 700 अक्षरांचा, चौकटींच्या कागदावर. त्या अभ्यासाने माझं वाचन-लेखन पक्कं केलं. पण त्या परीक्षेत ऐकायचं, लिहायचं, वाचायचं. बोलायचं काहीच नसतं. आणि माझी नोकरी बोलण्याची आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी दुभाषी आहे.

म्हणून यंदा पाचव्या लेव्हलच्या मागे लागणार नाही. 'अस्खलित बोलायचं' असंही वहीत लिहिलेलं नाही, कारण ते कधी साधलं हे कळणार कसं? जमलं की नाही ते त्याच संध्याकाळी सांगता येईल, अशाच गोष्टी ठरवल्यात.

सगळ्यात आधी आकडे. आपण हजारानंतर लाख आणि कोटी मोजतो, कोरियन माणूस दहा हजारांचा 'मान' धरून मोजतो. आपले एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान, एक कोटी म्हणजे हजार मान, आणि दहा कोटी झाले की 'ओक' सुरू होतो. परचेसवाले 'साडेतीन कोटी' म्हणाले की मला लगेच तीन हजार पाचशे मान म्हणायचं असतं, आणि समोरचे दोन ओक म्हणाले की वीस कोटी. दुभाष्याचं बाकी वाक्य थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घेता येतं, आकडा चुकला तर ऑर्डर चुकते. त्यामुळे रोज सकाळी बसमध्ये पेपरातल्या व्यापाराच्या पानावरचे दहा आकडे मनातल्या मनात कोरियनमध्ये म्हणायचे. दिवाळीपर्यंत महिन्याच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही.

वाक्यरचनेचा मला त्रास नाही. क्रियापद शेवटी येणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि मराठी माणसाला हा मोठाच आधार आहे. अवघड आहे ते त्या क्रियापदाचं शेपूट. मीटिंगमध्ये '-म्निदा', जेवताना '-यो', आणि ज्यांच्याबद्दल बोलतोय ते मोठे असले तर मध्ये '-शि'. लाइनवरचा सुपरवायझर घाईघाईने "मॅडम, सांगा त्यांना, डाय परत तापलीय" म्हणतो, तेव्हा तेवढ्याच वेगाने, पण अदबीने ते कोरियनमध्ये गेलं पाहिजे. यासाठी कोरियन बातम्या लावून निवेदकाच्या मागोमाग, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तेच बोलायचं. शॅडोइंग म्हणतात त्याला. रोज पंधरा मिनिटं पुरेत, त्याहून जास्त केलं की घसा बसतो.

उच्चारांचं एकच घेतलंय. क-ख, त-थ आपल्याकडे आहेतच, पण कोरियनमध्ये तिसरा, घसा आवळून काढलेला आवाज असतो. चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे तिन्ही शब्द त्या एका पहिल्या व्यंजनाने वेगळे होतात. मी हे तिन्ही फोनवर उलटसुलट क्रमाने रेकॉर्ड करून कोरियन सहकाऱ्यांना ऐकवणार आहे. संदर्भाशिवाय त्यांनी बरोबर ओळखले, तरच जमलं म्हणायचं.

सर्वात ओढ मात्र शेवटच्या ध्येयाची आहे. आमचे पुजांगनीम, म्हणजे विभागप्रमुख, दक्षिण कोरियाच्या ग्यॉंगसांग भागातल्या छांगवॉन शहराचे. सोलच्या बोलीवर शिकलेल्या माझ्या कानाला त्यांची ग्यॉंगसांगची बोली अजून निसटते: सूर चढउताराचा, आणि प्रश्नाच्या शेवटी '-ना' किंवा '-नो'. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर '-ना', आणि काय, कुठे, का विचारायचं असेल तर '-नो'. इतका स्वच्छ नियम असलेली बोली कुणी अशुद्ध कशी म्हणेल? माझ्याशी ते सांभाळून, प्रमाण भाषेत बोलतात. घरी फोन लावला की खरे बोलतात, तेव्हा मला निम्मंच कळतं. मी त्यांना विनंती केली की दर शुक्रवारी जेवणानंतर माझ्याशी त्यांच्या बोलीत बोलावं. ते लगेच तयार झाले आणि पहिला विषयही देऊन टाकला: त्यांच्या शहराचा बेसबॉल संघ, एनसी डायनॉस, कोरियन लीगचा 2020 चा विजेता. तेव्हा हा आठवडा मी बेसबॉलचे नियम आणि त्यातले कोरियन शब्द शिकण्यात घालवतेय.