पाऊस पडत असतानाच

शनिवार, रात्री साडेदहा

बाबांच्या निफाडच्या जमिनीतला माझा वाटा दादाने परवा बँकेत भरला. चाळीस लाख. द्राक्षबागेचे पैसे, म्हणून ते नुसते खात्यात पडून राहू द्यायला जीव होत नाही. फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा, एवढं ठरलंय. कुठे, यावरून घरात आठवडाभर कुरबुर.

ह्यांचं एकच, पुणे. वाकडला वन बीएचके, पंचावन्न लाख, भाडं अठरा हजार. इथे नाशिकलाच, पाथर्डी फाट्याला टू बीएचके अडतीस लाखांत, भाडं साडेबारा. आज दुपारी वहीत मांडून बघितलं तर दोन्हीकडे वर्षाला चार टक्क्यांच्या आतच! पण पुण्यासाठी पंधरा लाखांचं कर्ज लागतं. साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच सव्वा लाखावर. अर्ध्याहून जास्त भाडं बँकेच्याच घशात.

नाशिकचा आकडाही दिसतो तेवढा गोड नाही. वर्षात एक महिना घर रिकामं धरलं, मेंटेनन्स, घरपट्टी, ब्रोकरचे अर्ध्या महिन्याचे पैसे वजा केले, तर हातात उरतात एक लाख दहा हजार. म्हणजे तीन टक्क्यांना थोडे कमीच. एफडीत याहून कितीतरी जास्त मिळतील. हे ह्यांना सांगितलं नाही, नाहीतर फ्लॅटच रद्द.

एजंटने दोन गाजरं दाखवली. एक 2027 चा कुंभमेळा, दुसरं समृद्धी महामार्ग. मागचा कुंभ 2015 चा. तपोवनात साधुग्राम उभं राहिलं, रस्ते चकाचक झाले, पण रामकुंडावर बुडी मारायला आलेला माणूस अकरा महिन्यांचा करार करत नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, मुंबई जवळ आली, हे खरं. पण रोज मुंबई गाठणारे पंचवटी एक्सप्रेसचे पासधारक घर बघतात नाशिकरोडला, स्टेशनजवळ. पाथर्डी फाट्याला राहतो तो अंबड एमआयडीसीत शिफ्टला जाणारा. माझं गणित त्याच्या नोकरीवर. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीतली अशी तीन घरं रिकामी झाली होती, ते विसरून चालणार नाही.

आणि नणंदेचा किस्सा. तिचा पुण्यातला फ्लॅट, वरच्या मजल्यावरून गळती. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये सहा खेपा घातल्या बिचारीने. करार नोंदवलेला नव्हता, आणि भाडेकरू म्हणे डिपॉझिट एक लाख दिलं होतं. दिलं होतं साठ. आपल्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती नसेल तर उलट पुरावा मिळेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. चाळीस हजारांनी शिकली. मी तर पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही स्वतः जाऊन देणार.

रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, स्कूटरवर वीस मिनिटांत पोचता येईल तेवढ्याच अंतरावर घ्यायचं. हे म्हणाले, "पैसा गुंतवायचाय की भाजी आणायचीय?" मी म्हटलं, दस्त माझ्या एकटीच्या नावावर, बाईच्या नावाला मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, अडतीस हजार वाचतात. त्यावर ते हसले आणि ताट उचलून गेले. होकार समजते.

आत्ताच एजंटला फोन केला, उद्या सकाळी बेडरूमची पश्चिमेची भिंत बघायला येतेय. तो म्हणाला, "मॅडम, पाऊस उघडू द्या की जरा." म्हटलं, नाही, पडत असतानाच येणार.