दंडातली बेडकुळी

भाचा हल्ली जिमला जातो. परवा दुपारी जेवण झाल्यावर बेसिनच्या आरशासमोर उभा राहून दंड फुगवत म्हणाला, "मावशी, मसल बघ." मी म्हटलं, "अरे, हा तर उंदीर!" त्याचं तोंड एवढंसं झालं. शब्द कानावर पडला की त्याचं कूळ काढायची माझी ही खोड घरात कुणालाच आवडत नाही.

पण आहेच तो उंदीर. लॅटिनमध्ये मूस म्हणजे उंदीर, मूस्कुलुस म्हणजे चिटुकला उंदीर. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी सरकतं ना, ते रोमनांना उंदरासारखं वाटलं. आपला मूषकही याच घराण्यातला. ग्रीकांनी तर उंदराला आणि स्नायूला मिळून एकच शब्द ठेवला. शिंपल्यातला मसल, म्हणजे कोकणातले शिनाणे, तेही या मूस्कुलुसच्याच पोटचे. इसवी सनपूर्व 49 मध्ये सीझरच्या सैन्याने फ्रान्समधल्या आजच्या मार्सेयला वेढा घातला, तेव्हा तटाचे दगड उचकटणाऱ्यांच्या डोक्यावर 60 फूट लांबीचं छप्पर उभारलं होतं. त्याचंही नाव मूस्कुलुस! तट कुरतडायचा, म्हणून असेल.

आपल्याला मात्र त्याच जागी बेडूक दिसला. मामाची बेडकुळी बघायला आम्ही पोरं ओटीवर रांग लावायचो. रहाट ओढून कमावलेला दंड. तो आधी बंडीची बाही सावकाश वर सारायचा, मग मूठ वळायचा, आणि टुणकन ती वर यायची. आम्ही बोटाने दाबायचो, चिमटे काढायचो, एकदा तर धाकट्याने चावा घेतला. मामा ढिम्म. मग हात सैल सोडून म्हणायचा, "गेली विहिरीत." उंदराला कुठली असली ऐट? माझं मत बेडकालाच.

तरी हा उंदीर फार लांबवर पोचलाय. बाबांच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मायोकार्डियल इन्फार्क्शन, म्हणजे हार्ट अटॅक. कार्डियल म्हणजे हृदयाचं, आणि मायो म्हणजे तोच, ग्रीकांचा. एरवी मी ते कुणाला तरी धरून सांगितलं असतं. डॉक्टरांना एवढंच विचारलं, "जिना चढू द्यायचा का त्यांना?"